ट्रंकेतला हत्तीचा फोटो शाहू महाराजांचाच, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत फोटोंची पाकिटं, काही काचा (म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह) आणि एक गोल पत्र्याचा डबा सापडलाय. त्यातल्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका फोटोत अंबारी घातलेला हत्ती आहे, फेटेवाल्यांची गर्दी आहे, मागे काळ्या दगडाची मनोऱ्याची इमारत आहे. थोरले काका ठामपणे सांगतात, ‘शाहू महाराजांचा दसरा, १९०२.’ येत्या २६ जूनला शाहू जयंतीला तो फोटो सगळ्यांना दाखवायचा तुमचा विचार आहे, पण त्याआधी खात्री हवी आहे. शिवाय हे सगळं स्वच्छ कसं करायचं आणि मूळ वस्तू कुणाकडे द्यायच्या, तेही विचारलंय.

जुन्या फोटोंची ओळख पटवणं आणि त्यांच्या नोंदी करून देणं हे माझं रोजचं काम आहे. मोबाईलवर काढलेल्या एका कडा कापलेल्या प्रतीवरून मी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणार नाही. पण हा निर्णय कसा करायचा ते सविस्तर सांगतो, कारण त्यातलं बरंचसं तुम्ही घरबसल्या स्वतः करू शकता.

तुमच्या हातात खरं तर तीन वेगवेगळे पुरावे आहेत. फोटोत डोळ्यांना काय दिसतं हा एक. फोटोवर, पुठ्ठ्यावर, पाकिटावर काय लिहिलंय किंवा छापलंय हा दुसरा. आणि घरातली माणसं काय सांगतात हा तिसरा. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की मग ‘१९०२’ हे साल काकांनी सांगितलं, की मागे लिहिलेलं होतं, की कुणीतरी अंदाजानं जोडलं, ते पुढच्या पिढीला कधीच कळत नाही. म्हणून एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा, आणि प्रत्येक फोटोसाठी तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहा. काकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहा, शक्य असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्यांनी ते कुणाकडून ऐकलं, हेही आवर्जून विचारा. आजोबांनी फोटो हातात धरून सांगितलं असेल तर त्याचं वजन वेगळं, आणि शेजारच्या कुणीतरी दिवाळीत पाहून म्हटलं असेल तर वेगळं.

१९०२ या सालाबद्दल थोडं जपून. त्या वर्षी २६ जुलैला महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते इंग्लंडला गेले तेही त्याच वर्षी. कोल्हापूरच्या माणसाला शाहू महाराज म्हटलं की जे साल पहिल्यांदा आठवतं ते हेच. त्यामुळे साल माहीत नसलेल्या फोटोला ते सहज चिकटतं. काका खोटं बोलताहेत असं मुळीच नाही. आठवण नेहमी ओळखीच्या सालाकडे सरकते, एवढंच. १९०२ खरंही निघेल. पण ते सिद्ध व्हायला फोटोनं साथ द्यायला हवी.

आता पहिलं काम, आणि हे आजच करा. ट्रंकेतल्या वस्तूंचा क्रम मोडू नका. कोणतं पाकीट कशाखाली होतं, कोणत्या पाकिटात कोणते फोटो होते, काचा कशात गुंडाळल्या होत्या, याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बहुतेक घरांत काय होतं, तर उत्साहाच्या भरात सगळे फोटो जमिनीवर पसरतात, ‘महाराजांचे’, ‘लग्नाचे’, ‘अनोळखी’ असे ढीग करतात आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात जातात. त्या पाकिटावर स्टुडिओचं नाव, पावती क्रमांक, एखादी तारीख असते. शिवाय एका पाकिटातले फोटो बहुधा एकाच वेळचे असतात. हत्तीच्या फोटोवर साल नसेल, पण त्याच पाकिटातल्या दुसऱ्या फोटोत तुमच्या पणजीच्या मांडीवर एक तान्हं मूल असेल आणि त्या मुलाचा जन्म घरच्या जुन्या जन्मपत्रिकेत नोंदलेला असेल, तर तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. गुंडाळायला वापरलेलं जुनं वर्तमानपत्र असेल तर तेही टाकू नका.

मग फोटो ही वस्तू म्हणून पाहा. तुम्ही लिहिलंय की काळ्या भागांवर तिरकं धरल्यावर पारा चढल्यासारखी चकाकी दिसते. ही महत्त्वाची खूण आहे. जिलेटिनच्या थरातली चांदी वर्षानुवर्षं हवा लागून पृष्ठभागावर येते, तेव्हा असं दिसतं. म्हणजे हा जिलेटिनच्या थराचा कागद असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो १८९० च्या दशकापासून पसरत गेला. त्याआधी चाले तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद. त्याचा रंग तपकिरी, उजळ भाग पिवळसर, आणि भिंगातून पाहिलं की थराखालून कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग गुजरीतल्या कुठल्याही सराफाकडे असतं, ते तासाभरासाठी मागून आणा आणि खिडकीच्या उजेडात पाहा. तंतू दिसले तर मला नक्की कळवा, मग माझा हा तर्क बदलेल.

पण इथं एक मोठी मेख आहे. कागदाचं वय म्हणजे प्रसंगाचं वय नव्हे. १८९५ च्या काचेवरून १९३० मध्ये नवी प्रत काढता येते. शिवाय फोटोवरून काढलेले फोटो तर ढिगानं असतात, आणि त्यातही लोकप्रिय राजाचे. तुमची प्रत तशी आहे का, हे कडांवरून कळतं. मूळ फोटोच्या पुठ्ठ्याची कड किंवा टाचणीची सावली चौकटीत आली आहे का? चेहरे मऊ, पीठ फासल्यासारखे आणि सावल्या मात्र एकदम काळ्याठिक्कर आहेत का? तसं असेल तर ही दुसऱ्या पिढीची प्रत आहे. तिचं मोल शून्य होत नाही, कारण मूळ कुठं हरवलं असेल तर हीच उरते. फक्त कागदावरून साल काढायचं नाही.

पुठ्ठ्याची मागची बाजू तुम्ही पाठवलेली नाही. ती सगळ्यात आधी पाहायला हवी होती. स्टुडिओचा शिक्का, पत्ता, कुणाच्या नावाखाली ‘आर्टिस्ट’ असं लिहिलेलं, पेन्सिलीचा आकडा, यातलं काहीही असो. कोल्हापुरात चित्रकार आणि फोटोग्राफर ही दोन माणसं बऱ्याचदा एकच असत. बाबूराव आणि आनंदराव हे पेंटर बंधू रंगवलेल्या पडद्यांवरून कॅमेऱ्याकडे वळले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी ध्यास सोडला नाही आणि इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. अशा गावात फोटोला हातानं टचिंग करणं, मागचा पडदा रंगवणं, फेट्यावर तुरा चढवणं ही रोजची कामं होती. तेव्हा भिंगातून पाहताना हत्तीच्या झुलीवरची नक्षी खरी आहे की ब्रशनं काढलेली, तेही पाहा. फोटोतला ठिपका गोल आणि विखुरलेला दिसतो, ब्रशच्या फटकाऱ्याला सुरुवात आणि शेवट असतो.

आता चित्रात येऊ. मागची काळ्या दगडाची इमारत म्हटल्यावर तुम्ही ‘न्यू पॅलेस’ असं लिहिलंय. कोल्हापूरच्या जुन्या फोटोंखालच्या ओळींत सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो, आणि त्याला कारणही आहे. टाउन हॉल १८७२ ते ७६, न्यू पॅलेस १८७७ ते ८४, आणि आपण सीपीआर म्हणतो ते त्या वेळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल १८८४ पर्यंत. तिन्ही एकाच काळातली, तिन्ही काळ्या दगडाची, आणि तिन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या एकाच वास्तुरचनाकाराचा. अंधूक फोटोत मनोऱ्याचं एखादं टोक तेवढं दिसलं तर चकवा बसणारच. न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा एकच आणि इमारतीच्या मधोमध आहे, भोवती मोठं आवार आहे. टाउन हॉलच्या दर्शनी भागाला टोकदार छपरांचे दोन मनोरे आहेत. तुमच्या फोटोत इमारत रस्त्याला अगदी लागून दिसते आणि गर्दीच्या डोक्यावर उजवीकडे एकच टोक आहे. दुसरं टोक चौकटीच्या बाहेर कापलं गेलं असेल तर हा टाउन हॉल असू शकतो. मोबाईलवर काढताना तुम्ही कडा कापल्यात, त्यामुळे नेमका तोच भाग मला दिसत नाही. पूर्ण पुठ्ठ्यासकट, चारही कडा दिसतील असा फोटो पाठवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे फोटोची प्रत खिशात घालून सकाळी टाउन हॉलच्या आवारात जा. ज्या जागेवर उभं राहिल्यावर मनोऱ्याचं टोक, कमानीची कड आणि छपराची रेघ फोटोतल्यासारखी एकमेकांवर येतात ती जागा शोधा. ती सापडली की कॅमेरा कुठं होता हे ठरलं. कॅमेऱ्याची जागा ठरली की मिरवणूक कुठून कुठं चालली होती हे कळतं. मग दसरा की आणखी काही, यावर बोलता येतं. हे घरी बसून होत नाही आणि झाडं वाढल्यामुळे कधी कधी तिथं जाऊनही होत नाही. तरी करून पाहा.

दसराच कशावरून, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय. आपल्याकडे सोनं लुटण्याचा सोहळा सूर्यास्ताच्या सुमारास होतो. जाताना ऊन पश्चिमेकडून, सावल्या लांबच लांब. तुमच्या प्रतीत हत्तीच्या पायाशी सावली आखूड आहे, पोटाखालीच संपते. म्हणजे सूर्य बराच वर आहे. दसऱ्याची मिरवणूक सोहळ्याच्या किती आधी निघाली यावर काही अवलंबून आहे, पण भर दुपारचं ऊन दसऱ्याच्या बाजूनं साक्ष देत नाही. सावलीची दिशाही पाहा. कोल्हापूरच्या अक्षांशावर साधारण ७ मे ते ५ ऑगस्ट या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, एरवी दक्षिणेला. कॅमेऱ्याची जागा सापडल्यावर दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली निघाली तर तो फोटो उन्हाळ्याचा किंवा पावसाळ्याचा आहे आणि दसऱ्याचा प्रश्नच मिटतो. आणि हत्ती फक्त दसऱ्यालाच निघत असे असंही नाही. राजघराण्यातल्या लग्नाच्या वराती असत. महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांचं देवासच्या तुकोजीरावांशी लग्न झालं ते १९०८ मध्ये. बड्या पाहुण्यांची स्वागतं असत, देवाच्या पालख्या असत.

अंबारीत कोण आहे? भिंगातून चेहरा दिसत नसेल तर सरळ ‘चेहरा अस्पष्ट’ असं लिहा. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि ६ मे १९२२ ला गेले. त्यांच्यानंतर राजाराम महाराज १९४० पर्यंत होते. पितापुत्रांत गल्लत झालेले कितीतरी फोटो मी पाहिलेत. पेहराव तोच, हत्ती तसाच, गाव तेच. अंगलट मदत करते, पण अंबारीच्या उंचीवर बसलेल्या लांबच्या आकृतीची अंगलट खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय राजा अंबारीतच असेल असंही धरून चालू नका.

साल ठरवण्याची माझी रीत सोपी आहे. फोटोत असं काय दिसतं जे अमुक वर्षाआधी नव्हतं, आणि असं काय दिसतं जे अमुक वर्षानंतर उरलं नाही? या दोन खुंट्यांच्या मध्ये फोटो टांगायचा. कोल्हापूरपुरत्या माझ्या काही ठरलेल्या खुंट्या आहेत. रंकाळ्याच्या फोटोत पलीकडे शालिनी पॅलेस दिसला तर तो १९३० च्या दशकातला किंवा नंतरचा, कारण तो १९३१ ते ३४ मध्ये बांधला गेला. स्टेशनच्या फोटोत रूळ नीट पाहा. रेल्वे १८९१ मध्ये आली ती मीटरगेजवर, आणि मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला १९७१ मध्ये. रुळांमधलं अंतर डब्याच्या रुंदीशी ताडून पाहिलं की फरक कळतो. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे दिसले तर फोटो ९ डिसेंबर १९५० नंतरचा. बाबासाहेब हयात असताना उभारलेला पुतळा आहे तो, म्हणून ही तारीख माझ्या मनात पक्की कोरलेली आहे. शिवाजी चौकात छत्रपतींचा अर्धपुतळा आहे की गव्हर्नर विल्सनचा पुतळा? विल्सन मुंबईचे गव्हर्नर होते १९२३ ते १९२८, आणि स्वातंत्र्य चळवळीत तो पुतळा गेल्यावर १९४५ मध्ये तिथं अर्धपुतळा आला. त्या चौकाचा एक फोटो एवढ्यावरच वीसेक वर्षांच्या पट्ट्यात बसतो. खासबाग मैदान १९१२ चं, पॅलेस थिएटर १९१५ चं. भिंतीवर सिनेमाचं पोस्टर असेल तर मग काय, साल जवळपास हातात येतं.

तुमच्या फोटोला यातल्या कुठल्या खुंट्या लागू आहेत? इमारत त्या तिघींपैकी कुठलीही असली तरी खालची मर्यादा १८७० च्या दशकाची अखेर किंवा १८८४ येते. कागद जिलेटिनचा असेल तर ती आणखी थोडी पुढे सरकते. मर्यादा आणखी नेमकी करायला मला रस्ता पाहायचाय. डाव्या कोपऱ्यात एक उभी रेघ आहे, ती झाडाचं खोड, झेंड्याची काठी की विजेचा खांब? खांब असेल तर वर आडवी पट्टी आणि चिनी मातीचे पांढरे कप दिसतील. विजेची नेमकी साक्ष संस्थानाच्या वार्षिक प्रशासन अहवालांत पाहता येईल. इमारतींची जुनी वर्णनं हवी असतील तर १८८६ मध्ये निघालेला मुंबई गॅझेटिअरचा कोल्हापूरचा २४ वा खंड पाहा. तो कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतो.

आणखी एक तपासणी विसरू नका. फोटो आरशातल्यासारखा उलटा तर नाही ना? काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली की डावं उजवं बदलतं. शिपायांच्या तलवारी पाहा. तलवार डाव्या कमरेला असते. सगळ्यांच्याच उजव्या कमरेला दिसल्या तर फोटो उलटा आहे आणि टाउन हॉलसमोरची सगळी कसरत आरशातली प्रत घेऊन करावी लागेल.

इथपर्यंतचं गणित असं: कागदावरून १८९० नंतर, इमारतीवरून १८७० च्या दशकाच्या अखेरीनंतर किंवा १८८४ नंतर, सावलीवरून दसऱ्याबद्दल शंका, चेहऱ्यावरून काहीच नाही, आणि काकांच्या सांगण्यावरून शाहू महाराज. आज मला नोंद लिहायची झाली तर मी अशी लिहीन: ‘अंबारीसह हत्ती आणि मिरवणूक, कोल्हापूर, मागे काळ्या दगडाची इमारत, बहुधा टाउन हॉल. अंदाजे १८९० ते १९४०. कुटुंबात ऐकीव माहिती: शाहू महाराजांचा दसरा, १९०२. शिवाजी पेठेतल्या घरच्या ट्रंकेतून.’ जयंतीच्या दिवशी हीच ओळ घालून फोटो दाखवायला काहीच हरकत नाही. लोकांना आवडेलही, आणि पाहणाऱ्यांत एखादा असा निघेल ज्याच्या घरी त्याच दिवसाचा दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो आहे. ‘१९०२’ म्हणून ठोकून दिलंत तर तो माणूस गप्प बसेल, कारण त्याच्याकडच्या प्रतीवर वेगळं साल असेल आणि त्याला वाद नको असेल.

दाखवताना एक कळकळीची विनंती. फोटो एआयनं रंगवू नका, धारदार करू नका. ती यंत्रणा अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी स्वतःच्या मनानं चेहरा रचते. फेट्याला भगवा की गुलाबी, हेही तीच ठरवते. ती रंगीत प्रत आठवडाभरात गावभर फिरते, मूळ मागे पडतं आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्याच प्रतीवरून फेट्याच्या रंगाचा इतिहास सांगू लागतं.

आता तुमच्या ट्रंकेतल्या बाकीच्या फोटोंबद्दल, ज्यांना तुम्ही ‘घरचेच, विशेष काही नाही’ म्हटलंय. माझा जीव खरा त्यांच्यात अडकलाय. महाराजांचे फोटो राजवाड्यात आहेत, छत्रपती शाहू म्युझियममध्ये आहेत, अहवालांत आहेत. तुमच्या आत्याचा, पायरीवर उभी राहून हातात कळशी घेतलेला फोटो जगात एकच आहे, आणि तिच्या मागे पाणी दिसतंय! शिवाजी पेठेतलं घर म्हटल्यावर ते वरुणतीर्थ असू शकतं. आज त्या जागी गांधी मैदान आहे. पावसाळ्यात तिथं पाणी का साचतं याची चर्चा दरवर्षी होते. त्या तळ्याची कड नेमकी कुठवर होती, पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या, पाणी कुठून यायचं, हे असल्या घरगुती फोटोंतूनच कळेल. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई झाली, तिथंही हीच कथा. या गावातली किती तळी बुजली हे सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण ती दिसायची कशी, हे दाखवणारे फोटो फार थोड्या घरांत उरलेत. आत्या हयात असतील तर उद्याच त्यांच्याकडे जा, फोटो समोर ठेवा आणि बोलू द्या. मध्ये मध्ये साल विचारू नका. ‘तेव्हा लग्न झालं होतं का?’, ‘हे लुगडं कुणी घेतलं होतं?’ असं विचारा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. जुन्या पॅलेस थिएटरची ती वास्तू पुन्हा तशीच उभी करायची म्हटल्यावर छताची लाकडं, रंगमंचाची कमान, बाल्कनीचा कठडा यांचे तपशील हवेत. अशा वेळी उपयोगी पडतात ते शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, सत्काराचे, एकांकिका स्पर्धेचे फोटो, ज्यांत मागे चुकून छत आलेलं असतं. तुमच्या पाकिटात तसं काही असेल तर ते बाजूला न सारता पहिल्या रांगेत ठेवा.

आता जपणुकीचं. फोटो पुसू नका. ओला कपडा, खोडरबर, स्पिरिट, यातलं काहीही नको. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ उडवा, तेवढं पुरे. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनची रेघ पुढून उठते. चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले आल्बम १९८० च्या आसपास घरोघरी आले, त्यांतले फोटो आधी स्कॅन करा, कारण तो गोंद कागद खातो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, त्याहून लहान असेल तर १२००. टिफ फाइल ठेवा, पाठवायला वेगळी जेपीजी काढा. पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही स्कॅन करा, मागे काही नसलं तरी.

काचा कडांनी धरा. एक बाजू चकचकीत, एक बाजू मंद असते. मंद बाजूवर चित्राचा थर आहे, तिला बोट लावायचं नाही आणि पाणी तर अजिबात नाही. प्रत्येक काच छपाई नसलेल्या स्वच्छ कागदात वेगळी गुंडाळा आणि लांब कडेवर उभी ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. घरी प्रत काढायची तर टॅबलेटवर पांढरी स्क्रीन लावा, काच तिच्यापासून चार बोटं वर टेकवा, खोलीत अंधार करा आणि वरून सरळ फोटो घ्या. मग मोबाईलवरच रंग उलटे केले की चित्र समोर येतं. तो क्षण तुम्हाला फार आवडेल.

गोल डब्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, नंतर जयप्रभा स्टुडिओ होता. त्यामुळे इथल्या माळ्यांवर सिनेमाच्या फिल्मचे तुकडे निघतात. १९५० च्या आधीची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती सहज पेट घेते आणि पेटली की पाण्यानं विझत नाही. डबा गंजला असेल, उग्र वास येत असेल, फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुगा दिसत असेल तर तो स्वयंपाकघर, देवघर आणि पत्र्याखालचा माळा यांपासून लांब, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. जोर लावून उघडू नका, काडी लावून ‘तपासू’ तर मुळीच नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन करून विचारा, त्यांना हे हाताळायची सवय आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ती अ‍ॅसिटेटची असेल. ती तशी पेटत नाही, पण कुजत चालली आहे.

मूळ वस्तू कुणाला द्यायच्या, याचं उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे. भावंडांत एकमत आहे का? नवीन घरात कोरडी, ओल न येणारी जागा असेल का? पुढच्या पिढीत कुणाला ओढ आहे का? असेल तर मूळ घरीच ठेवा आणि स्कॅन द्या. नसेल तर कोल्हापूर पुराभिलेखागार, शिवाजी विद्यापीठ, टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर, अशा ठिकाणी आधी जाऊन विचारा: फोटो स्वीकारता का, काचा ठेवायची सोय आहे का, लोकांना पाहायला मिळतील का. होकार आला तर यादी करून, देणगीपत्र लिहून, पोहोच घेऊनच द्या. आणि ट्रंक फोडून वाटू नका. हत्ती एका संस्थेला, काचा दुसरीला, आत्या भाचीकडे असं झालं की पाकिटांमधलं नातं तुटतं. बांधकाम चालू असताना भाड्याच्या घरात राहणार असाल तर ते पुराच्या रेषेत आहे का, तेही पाहा. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत घरांत पाणी शिरलं. कपडे धुता येतात, भांडी घासता येतात, पण सुकून एकमेकांना चिकटलेले फोटो सुटत नाहीत. भिजलेच तर ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. एकदम जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, त्यामुळे वेळ मिळतो.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात. पुठ्ठ्याची मागची बाजू. चारही कडांसह पुढची बाजू, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. डाव्या कोपऱ्यातल्या त्या उभ्या रेघेचा भिंगातून काढलेला जवळचा फोटो. आणि हा फोटो ज्या पाकिटात होता त्यातले बाकीचे सगळे फोटो, कितीही साधे वाटले तरी. डबा उघडण्याआधी मात्र पुण्याला फोन करा.